ड्रॅगन की गॉब्लिन? कमांडरचा पहिला जमातीचा डेक निवडताना

मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाच्या कमांडर प्रकारात (चौघांचा डाव, प्रत्येकाच्या डेकला एक म्होरक्या, सुरुवातीला प्रत्येकी 40 लाइफ) एकाच जमातीचा, म्हणजे एकाच जातीच्या प्राण्यांचा डेक बांधायचा म्हटलं की हात आधी ड्रॅगनकडे जातो. साहजिक आहे, या प्रकाराचं मूळ नावच एल्डर ड्रॅगन हायलँडर. तरी कोणी विचारलं की मी शेजारी गॉब्लिनचा डेकही ठेवतो. दोन्ही मी बांधलेत आणि दोन्ही घेऊन सपाटून मारही खाल्लाय.

ड्रॅगनांचा म्होरक्या उर-ड्रॅगन, 2017च्या तयार डेकमधला. उतरवायला नऊ माना (कार्डाची किंमत मोजायची जादूशक्ती), पाचही रंग, अंगाने 10/10, म्हणजे ताकद दहा आणि दमही दहा. गंमत अशी की त्याला मैदानात उतरवावंच लागत नाही. कमांड झोनमध्ये, म्हणजे म्होरक्याच्या राखीव जागेत, बसल्या बसल्या तो बाकीचे ड्रॅगन एकेका मानाने स्वस्त करतो. आठ मानाचा उत्वारा हेलकाइट सातला पडतो आणि ड्रॅगनस्पीकर शामन समोर असेल तर पाचलाच. मग हा हेलकाइट हल्ल्याला निघालेल्या प्रत्येक ड्रॅगनमागे नवा 6/6 ड्रॅगन देतो!

दुखणं आहे ते लँडचं, म्हणजे माना देणाऱ्या कार्डांचं. हातात तीन ड्रॅगन, समोर दोन माउंटन आणि एक स्वॅम्प, आणि हिरवा माना नाही म्हणून लँड शोधून देणारं कल्टिव्हेट तसंच पडलेलं, असे डाव मी मोजायचं सोडून दिलंय. पाच रंग सुरळीत चालवायचे तर ड्रॅगनपेक्षा लँडवरच जास्त पैसे जातात.

क्रेंको, मॉब बॉस याचं सगळं उलटं. चार माना, फक्त लाल. त्याला टॅप केला (कार्ड आडवं केलं) की आपल्यासमोर जितके गॉब्लिन तितके नवे. तो स्वतः गॉब्लिनच, त्यामुळे एकाचे दोन, दोनाचे चार, मग आठ, सोळा. बाजूला इम्पॅक्ट ट्रेमर्स असलं तर येणाऱ्या प्रत्येक गॉब्लिनमागे तिन्ही खेळाडूंचा एकेक लाइफ जातो. पाचव्या टॅपपर्यंत प्रत्येकी 31, सहाव्याला चाळिशी पार. अर्थात सहा टॅप होईस्तोवर बाकीचे तिघे काय भजी खात बसणार आहेत? क्रेंको मेला की पुन्हा उतरवायला सहा माना, मग आठ. म्हणून लाइटनिंग ग्रीव्ह्ज (त्याला लगेच टॅप करू देणारं आणि त्याच्यावर नेम धरू न देणारं कार्ड) समोर असल्याशिवाय मी त्याला उतरवत नाही.

खरी परीक्षा बोर्ड वाइपनंतर, म्हणजे टेबलावरचे प्राणी एका झटक्यात साफ झाल्यावर होते. चौघांच्या डावात तो येतोच, कारण टेबल भरलं की ब्लास्फेमस अ‍ॅक्ट एका लाल मानात निघतं आणि प्रत्येक प्राण्याला 13 डॅमेज देतं. त्यानंतर ड्रॅगनवाल्याच्या हातातलं एकच कार्ड पुरतं. नुसता स्कर्ज ऑफ वाल्कस आला तरी समोरचे सावध होतात. गॉब्लिनवाल्याच्या हातात उरते ती चिल्लर. पण ड्रॅगनवाला पहिले चार टर्न फक्त माना जमवत बसतो, आणि उर-ड्रॅगन सुरुवातीपासून सगळ्यांना दिसत असल्याने त्याला दयामाया कोणी दाखवत नाही.

तुमच्या टेबलावर डाव दोन-दोन तास रंगत असतील, लँडसाठी खिसा सैल असेल, तर ड्रॅगन घ्या. बाकी कोणालाही मी क्रेंकोच सांगेन. तिशीभर माउंटन कोणत्याही मित्राच्या डब्यात पडलेले असतात, आणि डाव झटपट हरलात तर दुसरा मांडता येतो. फक्त जुन्या डेक-याद्यांमधला डॉकसाइड एक्स्टॉर्शनिस्ट हा गॉब्लिन वगळा. सप्टेंबर 2024 पासून त्याच्यावर बंदी आहे. आणि पावसाळ्यात फॉइल (चकचकीत छपाईची) कार्डं घेऊ नका, आपल्याकडच्या दमट हवेत ती पापडासारखी वळतात.

टोकनचं, म्हणजे क्रेंकोने आणलेल्या, डेकमध्ये कार्ड नसलेल्या गॉब्लिनांचं म्हणाल, तर मी चिंचोके वापरतो. ते आडवे करून टॅप दाखवता येत नाही, म्हणून दोन ढीग लागतात: ताजे डावीकडे, दमलेले उजवीकडे. परवा 32 झाले तेव्हा वाटी मागवावी लागली.