रम, ब्रँडी की व्होडका: नागपूरची फळं मुरवायची तर कशात?

संत्र्याचा भाव उतरला की नागपुरातल्या घराघरात तोच प्रश्न निघतो: एवढ्या संत्र्यांचं करायचं काय? खाऊन झाली, रस काढून झाला, शेजारी वाटून झाली. मग कुणीतरी मोबाईलवर पाहिलेला व्हिडिओ काढतं. काचेची बरणी, त्यात फळं, वरून दारू, आणि तीन महिन्यांनी म्हणे स्वर्ग. व्हिडिओ बहुतेक युरोपातला असतो. तिथली फळं वेगळी, दारूची ताकद वेगळी आणि मे महिना तर अगदीच वेगळा. म्हणून बाटली आणण्याआधी थोडा हिशोब केलेला बरा.

आधी स्वतःला एकच गोष्ट विचारा: तुम्हाला फळ खायचंय की अर्क प्यायचाय? बरणी एकच असली तरी ही दोन वेगळी कामं आहेत. फळ खायचं असेल तर घट्ट गराचं फळ, साखर आणि चवीची दारू लागते. अर्क हवा असेल तर दारूला स्वतःची चव जितकी कमी तितकं चांगलं, आणि फळ शेवटी फेकायचंच असतं. बरेच जण दोन्ही एकाच बरणीतून काढू पाहतात आणि हाती येतं ते धड हे नाही, धड ते नाही.

ताकदीचा हिशोब

आपल्या वाईन शॉपमध्ये मिळणारी रम, व्होडका, ब्रँडी बहुतेक 42.8 टक्के अल्कोहोलची असते. बरणीत मात्र ती तेवढी राहत नाही, कारण फळात पाणी असतं. 750 मिलीच्या खंब्यात अर्धा किलो फळ आणि पाव किलो साखर घातली, तर सगळं मुरल्यावर मिश्रण साधारण 24 टक्क्यांवर येतं. हे ठीक आहे. त्याच खंब्यात एक किलो फळ आणि अर्धा किलो साखर कोंबली तर आकडा 17च्या आसपास घसरतो, आणि मग नागपूरच्या उन्हाळ्यात बरणी फसफसायला लागली तर नवल नाही. जपानमध्ये घरी फळं मुरवायला परवानगी आहे, पण दारू किमान 20 टक्क्यांची हवी असा तिथला नियम आहे. त्या ताकदीला यीस्टचं काही चालत नाही, म्हणजे फळ आंबून घरातच नवी दारू तयार होत नाही. आपणही तीच रेघ धरावी. वाईनमध्ये फळं घालून महिनोन्‌महिने ठेवायचा विचार असेल तर तो सोडा. बारा टक्क्यांत फळ टिकत नाही. संध्याकाळी घालून रात्री संपवायचं असेल तर गोष्ट वेगळी.

जर्मन लोकांचं ‘रुमटॉफ’ इथे जसंच्या तसं उतरत नाही, त्याचंही कारण हेच. चिनी मातीच्या भांड्यात उन्हाळ्याच्या सुरुवातीला स्ट्रॉबेरी, मग चेरी, जर्दाळू, प्लम असे हंगामाप्रमाणे थर चढवत जायचं, प्रत्येक थराला फळाच्या निम्मी साखर, आणि नाताळच्या सुमारास भांडं उघडायचं. कल्पना सुंदर आहे. पण तिथे 54 टक्क्यांची रम वापरतात आणि भांडं गार तळघरात असतं. आपल्याकडे 42.8ची रम, दर थराला ती आणखी पातळ होणार, आणि मध्ये 45 अंशांचा मे. थर चढवायचेच असतील तर दरवेळी फळाच्या दीडपट तरी रम ओता. नाहीतर एका बरणीत एकच फळ ठेवा. मी दुसरं सुचवेन.

संत्र्यापुरती गोष्ट

इथे जरा थांबतो, कारण नागपुरात बसून हा विषय काढायचा आणि संत्र्यावर तीन ओळीत उरकायचं, हे बरं दिसत नाही.

संत्र्याच्या फोडी दारूत मुरवू नका. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की थोड्या वेळाने कडवट लागतो, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. बी आणि फोडीवरची पांढरी सालटी यांत असलेलं एक द्रव्य आंबट रसात हळूहळू लिमोनिनमध्ये बदलतं आणि त्या लिमोनिनचा कडूपणा येतो. ताजी फोड तोंडात टाकताना ते जाणवत नाही. पण फोड महिनाभर दारूत पडून राहिली की कडूपणाला भरपूर सवड मिळते, गर मऊ पडून तंतू सुटतात, आणि उरतं ते एक कडू, लिबलिबीत प्रकरण. बिया काढून, सालटी सोलून, नुसता गर घातला तर कडूपणा कमी होतो. पण एवढा खटाटोप करून जे मिळतं त्यापेक्षा ताजं संत्रं चांगलं लागतं.

साल मात्र वेगळी. संत्र्याची साल चिमटून भावंडांच्या डोळ्यात फवारा मारला नाही असा नागपूरकर विरळाच. तो फवारा म्हणजे सालीतलं तेल, आणि संत्र्याचा सगळा वास त्यातच असतो. ते पाण्यात विरघळत नाही, दारूत विरघळतं. म्हणजे संत्र्याचं जे सर्वात मोलाचं ते आपण रोज कचऱ्यात टाकतो, आणि दारूला नेमकं तेच हवं असतं.

आठेक संत्री कोमट पाण्यात चोळून धुवा. बाजारातल्या फळांवर बरेचदा मेण चढवलेलं असतं. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, त्यामुळे सोलाण्याने पातळ पापुद्रे निघत नाहीत, साल सरकते. त्यापेक्षा हातानेच मोठे तुकडे सोला, पाटावर पांढरी बाजू वर करून पसरा आणि चमच्याच्या कडेने पांढरं खरवडून काढा. उन्हात धरलं की तेलाचे ठिपके आरपार दिसू लागले पाहिजेत. ही साल 750 मिली व्होडकात घाला. आठवडा ते दहा दिवसांत साल फिकी पडते आणि व्होडका केशरी होते. मग गाळून घ्या. जास्त दिवस ठेवली तर उरलेल्या पांढऱ्या भागाचा कडूपणा उतरतो. नंतर 300 ग्रॅम साखरेचा तेवढ्याच पाण्यातला पाक पूर्ण गार करून मिसळा. मिश्रण थोडं धुरकट झालं तर घाबरू नका. पाण्यामुळे तेल बाहेर येतंय, एवढंच.

हेच रममध्ये केलं तर? काळ्या रमला जळलेल्या साखरेचा आणि व्हॅनिलाचा जो वास असतो, तो संत्र्याला गिळतो. संत्रं आहे हे सांगावं लागतं. ब्रँडीत बरं जमतं, रंगही छान येतो, पण साधी व्होडका स्वस्तात जे देते त्यासाठी ब्रँडीचे पैसे का घालायचे? ‘ऑरेंज फ्लेवर’ची व्होडका मात्र आणू नका, काटोलची संत्री घरात असताना बाटलीतला एसेन्स कशाला?

अंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. अर्कासाठी कोणतीही चालतात, फक्त साल ताजी, ताठ हवी. सुकलेल्या, सुरकुतलेल्या सालीतलं तेल आधीच उडालेलं असतं.

मग रम कशासाठी?

अननसासाठी. गर घट्ट, आंबटपणा भरपूर, काळ्या रमच्या चवीपुढे दबत नाही. तुकडे जरा मोठे करा, त्यातला मधला कडक भाग काढा, फळाच्या निम्मी साखर घाला. दोन महिन्यांनी हे तुकडे आइस्क्रीमवर घातले तर पाहुणे बाकी काही विचारत नाहीत. चिखलदऱ्याहून जानेवारी-फेब्रुवारीत स्ट्रॉबेरी येते, तीही रममध्ये चांगली मुरते. मात्र तिचा लाल रंग काही आठवड्यांत विटतो, आणि काळ्या रममध्ये तो कुणाला दिसत नाही हा फायदाच. पेरूचंही तसंच, कापला की काळा पडतो आणि रममध्ये ते खपून जातं. त्याच्या बिया मात्र दातात येतात.

रमचा खरा मान सुक्या मेव्याला. सदर, मोहननगर, कामठीकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या केकसाठी बेदाणे, चेरी, संत्र्याच्या सालीचे पाकातले तुकडे महिने-दोन महिने आधी रममध्ये घालून ठेवतात. ताज्या फळांपेक्षा हे सोपं आहे, कारण सुक्या फळात पाणी जवळपास नसतंच. रमची ताकद घटत नाही, बिघडायची भीती नाही, अद्धा पुरतो. पहिल्यांदाच करून बघायचं असेल तर इथून सुरुवात करा.

ब्रँडी

ब्रँडी द्राक्षांची, म्हणून द्राक्षं आणि चेरी तिच्यात शोभतात. नाशिकची द्राक्षं फेब्रुवारी-मार्चमध्ये स्वस्त होतात. देठाचा छोटा तुकडा ठेवून प्रत्येक द्राक्ष सुईने दोन-तीन ठिकाणी टोचायचं, नाहीतर साल दारूला आत जाऊ देत नाही. चेरी, आलुबुखारा हिमाचलकडून मे-जूनमध्ये येतो. जूनमधलं जांभूळही घालता येतं, त्याचा तुरटपणा ब्रँडी सांभाळून घेते.

फक्त बाटलीवरचं लेबल नीट वाचा. आपल्याकडच्या स्वस्त ब्रँडीत बरेचदा मळीपासूनचं स्पिरिटच मुख्य असतं आणि द्राक्षाचा भाग नावापुरता. तसलीच घ्यायची असेल तर रम घ्या, निदान ती जे आहे ते उघड सांगते.

आंबा कशातच घालू नका. बैंगनफल्ली असो की दशेरी, गर विरघळतो आणि वास हरवतो. सीताफळाचा तर विचारही नको. बोरं आणि आवळा व्होडकात घालून पाहायला हरकत नाही, पण आवळ्याला मोरावळ्याची सर नाही.

मोहाच्या दारूचं काय, हे कुणीतरी विचारणारच. हातभट्टीची कितीही ‘शुद्ध’ म्हणून दिली तरी घेऊ नका. तिची ताकद माहीत नसते, आणि विषारी दारूत मिथेनॉल असतं ते वासावरून किंवा चवीवरून ओळखू येत नाही. दवाखान्यातलं स्पिरिट, प्रयोगशाळेतलं स्पिरिट, सॅनिटायझर यांचं तर नावच नको.

बरणी आणि कपाट

बरणी काचेची, रुंद तोंडाची, उकळत्या पाण्याने धुवून कोरडी ठक्क. आजीच्या काळातली चिनी मातीची बरणी दिसायला छान, पण जुन्या चकाकीत शिसं असू शकतं आणि आंबट फळ व दारू दोन्ही ते ओढून घेतात. फळं तरंगतात. जो तुकडा दारूच्या वर राहतो तो आधी काळा पडतो, मग त्यावर बुरशी धरते. म्हणून वर एक छोटी काचेची वाटी पालथी दाबून ठेवा. साखरेऐवजी खडीसाखर घातली तर ती सावकाश विरघळते आणि फळ एकदम आकसत नाही. जपानी लोक प्लम मुरवताना हेच करतात.

बरणी माळ्यावर ठेवू नका. मेमध्ये स्लॅबखालचा माळा म्हणजे भट्टी असते. दारू नासत नाही, पण वास उडतो आणि झाकणातून पाझरते. खालच्या कपाटात, अंधारात, कूलरच्या ओलाव्यापासून लांब ठेवा. आणखी एक गोष्ट, जी व्हिडिओवाले सांगत नाहीत: 40 टक्क्यांच्या दारूची वाफ साधारण 26 अंशांपासूनच पेट घेऊ शकते. नागपूरच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघर त्याच्या कितीतरी वर असतं. गाळणं, ओतणं हे सगळं गॅसपासून दूर करा.

कायद्याचंही सांगून टाकतो. महाराष्ट्रात 1949चा मद्यनिषेध कायदा लागू आहे. दारू विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, आणि रम-व्होडकासाठी वय 25 हवं. फळं आंबवून किंवा गाळून घरी दारू बनवणं हा गुन्हा आहे. विकत आणलेल्या बाटलीत फळ घालणं ही वेगळी गोष्ट, पण ते घरापुरतंच. विकायचा विचार करू नका. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, गडचिरोलीतही. तिकडच्या नातेवाइकांना भेट द्यायची असेल तर संत्रा बर्फीचा डबा न्या.

मुरलेल्या फळात दारू असतेच, ती उडून जात नाही. बरणीवर ठळक अक्षरात लिहून ठेवा, नाहीतर अननसाचा तुकडा गोड म्हणून एखादं पोर दोन-चार खाऊन जाईल. गाळून उरलेली संत्र्याची साल फेकू नका. पाकात शिजवून वाळवली की डिसेंबरच्या केकमध्ये जाते.