पहिल्या रास्पबेरी पायवर एसएसएचएफएस: फाइलींना उत्तम, सिनेमांना नाही

2012 सालचा रास्पबेरी पाय मॉडेल बी (एकाच बोर्डाचा छोटा संगणक) ड्रॉवरमध्ये पडून असेल, तर दूरच्या सर्व्हरचा फोल्डर त्यावर जोडायला एसएसएचएफएससारखा (दूरचा फोल्डर आपल्याच मशीनवर असल्यासारखा दाखवणारा प्रोग्राम) कमी कटकटीचा पर्याय नाही. सर्व्हरवर वेगळं काही टाकायला नको. एसएसएच (दूरच्या मशीनवरचं सुरक्षित लॉगिन) आणि एसएफटीपी (त्यावरूनच फाइलींची ने-आण) चालू असलं की झालं.

ओएस मात्र बघून निवडा. हा प्रोसेसर एआरएमव्ही6 या जुन्या पिढीचा. डेबियन लिनक्सचं नेहमीचं आर्मएचएफ (32-बिट एआरएमचं) रूप पुढच्या एआरएमव्ही7 पिढीसाठी बांधलेलं, ते इथे 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणत मान टाकतं. रास्पबेरी पाय ओएसची 32-बिट लाइट आवृत्तीच घ्या. जुन्या कार्डावरच्या रास्पबियनला (याच ओएसचं आधीचं नाव) ॲप्ट, म्हणजे सॉफ्टवेअर उतरवणारी आज्ञा, 404 दाखवतं. शिवाय बोर्डावर घड्याळाची बॅटरी नाही. तारीख मागे पडली तर ॲप्टची रिलीज फाइल (पॅकेजांच्या यादीची फाइल) 'अजून वैध नाही' असं ऐकावं लागतं.

पुढे 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल एसएसएचएफएस', बस. ज्यावर माउंट करायचं (दूरचा फोल्डर जोडायचा) तो फोल्डर आपल्याच युजरच्या मालकीचा ठेवा. माउंट करताना 'रीकनेक्ट' पर्यायासोबत 'सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल=15' द्याच; नाहीतर लाइन तुटल्याचं लवकर कळत नाही आणि साधं एलएस (फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा) सुद्धा लटकतं. 'ट्रान्सपोर्ट एंडपॉइंट इज नॉट कनेक्टेड' आलं, की 'फ्यूजरमाउंट3 -यूझेड' चालवून अडकलेलं माउंट सोडवा आणि पुन्हा जोडा.

खरी डोकेदुखी एफएसटॅबची (बूट होताना काय काय जोडायचं ते सांगणारी फाइल). तिथून माउंट करतो तो रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर. सर्व्हरची ओळख मान्य का, याला तुमच्या युजरने आधीच 'येस' म्हटलेलं असलं, तरी रूटला त्याचा पत्ता नसतो, आणि पदरी पडतं ते फक्त 'कनेक्शन रीसेट बाय पीअर'. एकदा सुडो लावून त्या सर्व्हरवर एसएसएच करा. पासफ्रेज नसलेली एसएसएच की (लॉगिनची चावी असलेली फाइल) 'आयडेंटिटीफाइल'मध्ये पूर्ण पाथसकट द्या. बाकी युजरना फोल्डर दिसायला 'अलाउ_अदर' लागतं. '_नेटडेव्ह' आणि 'एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट' लावलं, की नेटवर्क नसताना बूट अडकत नाही.

वेगाचं काय? इथरनेट 100 मेगाबिट, तेही यूएसबीमार्गे. म्हणजे सेकंदाला जेमतेम 12 एमबीची मर्यादा. तिथवरही पोचणं होत नाही, कारण 700 मेगाहर्ट्झचा एकुलता कोअर एन्क्रिप्शनमध्येच दमतो. एईएस या एन्क्रिप्शनसाठी हार्डवेअरची मदत नाही, तेव्हा मूळचा चाचा20 सायफर (एन्क्रिप्शनची पद्धत) बदलू नका. जुने सल्ले आर्कफोर सायफर वापरायला सांगतात. तो ओपनएसएसएच 7.6मध्ये, 2017 सालीच काढून टाकलाय.

कॉन्फिग, कागदपत्रं, फोटो यांना हे पुरेसं आहे. एसक्यूलाइटचा डेटाबेस मात्र इथे ठेवू नका, दोन मशीनमध्ये फाइल लॉक (एका वेळी एकानेच लिहावं म्हणून लावलेलं कुलूप) पाळलं जात नाही. घरच्याच नेटवर्कवरून व्हिडिओ बघायचे तर सरळ एनएफएस (नेटवर्कवरून फोल्डर जोडायची दुसरी पद्धत) वापरा.