एल-वन, मार्कांची निविदा, दरकरार की तीन कोटेशन? पालिका-पंचायतीच्या खरेदीत कधी काय घ्यावं

खरेदीची फाईल टेबलावर आली की पहिला वाद हाच, सगळ्यात कमी दरवाल्याला द्यायचं की क्वालिटी बघायची, आणि तेवढ्यात कोणीतरी म्हणतंच की अहो तीन कोटेशन मागवा नि मोकळे व्हा. माझं मत आधीच सांगतो. माल दारात आल्यावर तो तुम्हाला मोजून-तपासून घेता येतो का एवढं बघा, निम्मा निर्णय तिथेच होतो.

तपासता येत असेल तर एल-वन, म्हणजे अटीत बसणाऱ्यांमधला सगळ्यात कमी दर. कागद, खुर्च्या, पाईप वगैरे. काम लवकर उरकतं, ऑडिटला उत्तर सोपं, आणि हरलेल्याला तक्रारीला फारशी जागा उरत नाही. फक्त सगळा भार स्पेसिफिकेशनवर येतो, त्यात जे लिहिलं नाही ते मिळणार नाही हे धरूनच चाला. प्रिंटरचंच घ्या, मशीन स्वस्तात येतं आणि मग टोनर रडवतो, म्हणून दर मागतानाच मशीन, पाच वर्षांचा टोनर आणि दुरुस्ती असा एकत्र मागायचा आणि त्या बेरजेवर एल-वन काढायचा. आणि एखाद्याने अगदीच पाडून दर भरला असेल तर खुश होऊ नका, युरोपियन युनियनच्या 2014 च्या डायरेक्टिव्हमध्ये तर अशा दराचा खुलासा ठेकेदाराकडून मागवावाच लागतो.

सॉफ्टवेअर, डिझाईन, सल्लागार असलं काम असेल तर मात्र एल-वन महागात पडतो, कारण काम कसं झालंय ते सहा महिन्यांनी कळतं. इथे मार्कांची निविदा, म्हणजे दोन लिफाफे, आधी टेक्निकल उघडायचा, त्याला मार्क द्यायचे, मग दराचा. पण खरी गंमत वेटेजमध्ये आहे, म्हणजे क्वालिटीला किती टक्के महत्त्व आणि दराला किती. समजा अ चा दर 100 आणि क्वालिटीला 60 मार्क, ब चा दर 125 आणि मार्क 80. दराचे मार्क असे, सगळ्यात कमी दराला 100, म्हणून अ ला 100 आणि ब ला 100 भागिले 125, म्हणजे 80. क्वालिटीला 40 टक्के नि दराला 60 टक्के वेटेज दिलं तर अ ला 84, ब ला 80, अ जिंकला. तेच क्वालिटीला 70 नि दराला 30 केलं की अ 72 वर येतो आणि ब 80 वरच राहून काम घेऊन जातो. कंपन्या त्याच, कागद तेच. म्हणून वेटेज आणि निकष निविदेतच छापलेले हवेत, लिफाफे उघडल्यावर ठरवले की झालाच घोळ. निकष पण मोजता येणारे घ्या, ‘अनुभव चांगला असावा’ याला मार्क कसे देणार, ‘गेल्या 3 वर्षांत एवढ्या आकाराची किती कामं पूर्ण केली’ याला देता येतात.

ब्रिटनने नव्या खरेदी कायद्यात (फेब्रुवारी 2025 पासून लागू) ‘आर्थिकदृष्ट्या सर्वात फायद्याची’ निविदा यातला ‘आर्थिकदृष्ट्या’ हा शब्दच काढून टाकला, म्हणजे नुसत्या दरापलीकडे बघायचं, असं वारं आहे.

दरकरार, म्हणजे दर आधीच ठरवून ठेवायचा आणि लागेल तसा माल मागवायचा, तो कधी? तीच वस्तू वर्षभर थोडी थोडी लागते आणि नेमकी कधी लागेल ते माहीत नसतं तेव्हा. रात्री पाईपलाईन फुटली तर निविदा काढत बसणार का, ठरलेल्या दराने ऑर्डर टाकायची. पण बाजारभाव उतरला तरी तुम्ही जुन्याच दरात अडकता आणि नवा पुरवठादार करार संपेपर्यंत बाहेरच राहतो, म्हणून मुदत आटोपशीर ठेवा, युरोपात अपवाद सोडला तर 4 वर्षांची मर्यादा आहे.

राहिली कोटेशनं. किरकोळ रकमेला ठीक, पण कोटेशनवर घेता येईल त्या रकमेच्या मर्यादेत बसवायला एका खरेदीचे चार तुकडे पाडलेत तर ऑडिटवाल्याला बिलांच्या तारखा ओळीने लावल्या की लगेच दिसतं. आणि तीन वेगळ्या लेटरहेडवर ‘स्टेनलेस’ एकाच पद्धतीने चुकीचं लिहिलेलं दिसलं तर सही करायच्या आधी चौथ्या दुकानाला स्वतः फोन करा.