पिकअपसाठी ब्रेक डिस्क आणि पॅड घेताना भोकं मोजू नका, वजन बघा

पिकअपच्या पुढच्या ब्रेकच्या दोन्ही डिस्क (चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी थाळ्या) आणि त्यांना दोन्ही बाजूंनी आवळणारे चारही पॅड बदलून आता बरेच दिवस झालेत, रिकामी चालवून झाली, माल भरून झाली, मागे ट्रेलर लावूनही झाली, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. काय घेतलं ते आधीच सांगतो म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते इथेच सुटतील. साधी सपाट डिस्क, आतून हवा खेळणारी, हाय-कार्बन लोखंडाची, राखाडी कोटिंगवाली, आणि त्यावर सेमी-मेटॅलिक पॅड. भोकं नाहीत, खाचा नाहीत, सोनेरी झिंक पॉलिश पण नाही. चाकाच्या आतून बघितलं तर कोणी ढुंकूनही बघणार नाही असा माल आहे, आणि भरल्या गाडीला मला हाच पटला.

बदलायची वेळ का आली तर ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायचं आणि पायाखाली पेडल धडधडायचं. याला सगळेच "डिस्क वाकडी झाली" म्हणतात पण लोखंडाची जाड डिस्क खरोखर वाकते असं क्वचितच होतं. बहुतेक वेळा पॅडचा मसाला, म्हणजे डिस्कला घासणारा थर, डिस्कवर कुठे जास्त कुठे कमी चिकटलेला असतो, किंवा डिस्क हबवर (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो मधला भाग) किंचित तिरकी बसलेली असते आणि फिरताना एकाच जागी पॅडला घासून तिथे पातळ होत जाते. म्हणजे जाडीत फरक पडतो, आणि तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असला तरी पायाला कळतो. म्हणूनच नुसती नवी डिस्क आणून जुन्या गंजक्या हबवर ठोकली की काही हजार किलोमीटरनंतर थरथर परत हजर, आणि शिव्या कोणाला, तर डिस्कवाल्या कंपनीला.

लेथवर घासून घ्यायचा पर्याय असतो, पण त्याआधी डिस्कच्या कडेला किंवा मधल्या उंच टोपीवर कोरलेला आकडा वाचा, "मिन टीएच" असं काहीतरी लिहिलेलं असतं. ती सगळ्यात कमी चालणारी जाडी. घासल्यावर त्याच्या खाली जाणार असेल तर विषय संपला. आणि जेमतेम वर राहणार असेल तरी पिकअपला मी नको म्हणेन, कारण इथून पुढे जे सांगतोय ते सगळं लोखंडाच्या वजनावरच आहे.

ब्रेक म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करणारं यंत्र, बाकी काही नाही. समजा मालासकट गाडी ३००० किलो आहे आणि ताशी १०० वरून थांबवायची आहे. ती ऊर्जा भरते साधारण ११.६ लाख ज्यूल. त्यातला ७० टक्के भार पुढच्या ब्रेकवर आला असं धरू, आणि पुढची प्रत्येक डिस्क १० किलोची असेल तर त्या एकाच ब्रेकमध्ये दोन्ही डिस्क जवळपास ८८ अंशांनी तापतात. तीच डिस्क ८ किलोची असेल तर ११० अंशांनी. कागदावरचा ढोबळ हिशोब आहे, हवेने थंड होणं वगैरे धरलेलं नाही, पण मुद्दा कळतो. आता लांब उतार आहे, वळणावळणाला ब्रेक लागतोय, मध्ये थंड व्हायला वेळच नाही, तर हा फरक प्रत्येक ब्रेकला वर चढत जातो आणि खाली पोचेपर्यंत एक गाडी नीट थांबते आणि दुसरीचं पेडल दगडासारखं होऊनही गाडी पुढेच जाते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते हे वेगळंच.

म्हणून दोन कंपन्यांच्या एकाच मापाच्या डिस्क समोर असतील तर सरळ वजनकाट्यावर ठेवा. स्वस्त डिस्क बाहेरून हुबेहूब दिसते, व्यास तोच, जाडी तीच, पण आतल्या पंख्यांच्या पाती बारीक किंवा कमी, आणि दोन बाजूंचे पत्रे पातळ, हवेची पोकळी मोठी ठेवून लोखंड वाचवलेलं असतं. ओरिजिनल डिस्कच्या आतल्या पाती वाकड्या किंवा खांबांसारख्या असतील आणि स्वस्तवालीच्या साध्या सरळ असतील तर थंड होण्यातही फरक पडतो. हाय-कार्बनचा फायदा असा की लोखंडात ग्राफाइट जास्त, त्यामुळे उष्णता जरा बरी पसरते आणि आवाज, कंप तिथेच जिरतात. लोखंड मात्र थोडं मऊ पडतं. माझ्या सेटमध्ये आवाजाचा फरक लगेच जाणवला.

भोकांच्या डिस्कबद्दल बोलायचंच तर बोलूया, कारण पिकअपवाल्यांना त्याचं भारी वेड. पूर्वीच्या पॅडमधून तापल्यावर गॅस सुटायचा, तो पॅड आणि डिस्कच्या मध्ये अडकायचा, त्याला बाहेर जायला वाट म्हणून भोकं आणि खाचा आल्या. आजच्या पॅडमध्ये तो त्रास खूप कमी झालाय. राहिलं काय, तर भोकं पाडली तेवढं लोखंड गेलं आणि सतत तापणं-थंड होणं चाललं की भोकांच्या कडेपासून बारीक चिरा सुरू होतात. हलक्या गाडीला पावसात पाणी पटकन बाहेर जातं वगैरे ठीक आहे, पण ओझं ओढणाऱ्या गाडीला मी भोकं लावणार नाही. खाचांची गोष्ट जरा वेगळी, त्या पॅडचं तोंड खरवडून साफ ठेवतात, चिखलात-धुळीत चालणाऱ्या गाडीला उपयोग होतो, पण पॅड लवकर खातात आणि जोरात ब्रेक लावला की घूं घूं असा आवाज येतो. पॉवरस्टॉप कंपनीचं झेड३६ किट भोकं आणि खाचा दोन्ही असलेलं आहे आणि ते खास ट्रक आणि टोइंगसाठी म्हणूनच विकतात, घेणारे खूश पण असतात, पण त्यातला कार्बन फायबर मिसळलेला सिरॅमिक पॅड बाजूला काढून फक्त डिस्क बघितली तर मी साधीच उचलेन.

आणि एक, वाकड्या पातीच्या डिस्क डाव्या-उजव्या वेगळ्या असतात. पातीचं बाहेरचं टोक फिरण्याच्या दिशेच्या मागे झुकलेलं पाहिजे, तरच ती मधून हवा ओढून बाहेर फेकते. लोक वरच्या खाचांचा कल बघून बसवतात आणि उलटं लावतात. खाचा नाही, पाती बघायच्या.

पॅडकडे येऊ. ऑरगॅनिक पॅड मऊ, आवाज नाही, डिस्कला त्रास नाही, पण तापले की पकड सोडतात, पिकअपला विसरा. सिरॅमिक शांत, धूळ फिकट रंगाची आणि कमी, रिकाम्या गाडीला रोजच्या वापरात याच्यासारखं सुख नाही, अकेबोनो कंपनीचं नाव त्यात फार जुनं आहे. सेमी-मेटॅलिकमध्ये वजनाच्या साधारण ३० ते ६५ टक्के धातू असतो, गरम झाल्यावर पकड टिकवतात, पण सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकला जरा थंड वाटतात, अलॉय चाकं काळी करतात आणि डिस्क जास्त झिजवतात. हॉकची एलटीएस मालिका पिकअप आणि एसयूव्हीसाठीच आहे, ईबीसीचे तर रंगावरून प्रकार पडतात. एकाच कंपनीचे चार-चार दर्जे असतात, त्यामुळे "अमुक ब्रँड चांगला" हे वाक्य अर्धवट आहे, कुठला दर्जा ते विचारा.

पॅडच्या कडेला जो लांबलचक नंबर छापलेला असतो त्यात शेवटी किंवा मध्ये दोन अक्षरं असतात, ईई, एफएफ, जीजी अशी. पहिलं अक्षर साध्या तापमानातलं घर्षण, दुसरं गरम झाल्यावरचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल, म्हणजे एफई वगैरे, तर गरम झाल्यावर पकड घटणार असं समजा. पण हा दर्जाचा शिक्का नाही हां, पॅडचा छोटा तुकडा मशीनवर घासून काढलेला आकडा आहे, किती टिकेल किंवा किंचाळेल का ते त्यात येत नाही. त्यापेक्षा बॉक्सवर ईसीई आर९० (बदली पॅडसाठीचा आंतरराष्ट्रीय नियम) दिसलं तर मला जास्त बरं वाटतं, कारण त्यात बदली पॅडची कामगिरी ओरिजिनल पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत असल्याचं तपासलेलं असतं.

पॅड उलटा करून मागची पत्रापट्टी पण बघा. मसाला नुसत्या गोंदाने चिकटवलाय की पत्र्यावर हुकांसारखे बारीक आकडे काढून त्यात दाबून बसवलाय? गोंदवाल्याचा पत्रा गंजला की मसाला पापुद्र्यासारखा सुटतो. आकडेवाले पॅड बाजारात मिळतात, आणि गाडी मीठ, पाणी, चिखलात जाणार असेल तर तेच घ्या. सोबत शिम (पॅडमागची आवाज कमी करणारी पातळ पट्टी) आणि स्टीलच्या क्लिपा आहेत का तेही बघा, नसतील तर वेगळ्या घ्या, जुन्या क्लिपांवर नवे पॅड बसवले की पॅड अडकतो आणि एक बाजू लवकर संपते.

आता बसवणं, इथे अर्धा निकाल लागतो खरं तर. हब तारेच्या ब्रशने चकचकीत, डिस्कवर तेलाचा थर असेल तर ब्रेक क्लीनरने पुसून साफ, मग डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप) लावून डिस्कचं डोलणं बघायचं, बऱ्याच गाड्यांना ०.०५ मिलिमीटरच्या आसपासची मर्यादा असते. जास्त आलं तर डिस्क काढून एक बोल्ट पुढे फिरवून परत लावायची, पुष्कळदा तेवढ्यानेच कमी होतं. कॅलिपर (पॅड दाबणारा चिमटा) ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिनांना सिलिकॉन ग्रीस, साधं चाकाचं ग्रीस रबर फुगवतं. कॅलिपर पाइपावर लटकत ठेवायचा नाही, तारेने बांधायचा. कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलताना टाकीतलं ब्रेक ऑइल वर येतं, रंगावर सांडलं तर रंग गेलाच समजा. जुनी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, नाकातोंडात जाते. चाकाचे नट टॉर्क पान्याने, समोरासमोर, इम्पॅक्ट गनने घर्र करून नाही, कारण कमी-जास्त आवळल्यावर डिस्क ओढली जाते आणि परत तेच थरथरणं. आणि गाडी हलवायच्या आधी पेडल पंप करून घट्ट करून घ्या, पहिल्यांदा ते थेट जमिनीला जातं.

ब्रेक ऑइल पण बदला. सेमी-मेटॅलिक पॅड उष्णता मागे कॅलिपरकडे जास्त पोचवतो, आणि ऑइल जुनं झालं की हवेतलं पाणी शोषून त्याचा उकळबिंदू खाली येतो. डॉट ३ दर्जाच्या ऑइलला कोरडं असताना किमान २०५ अंश आणि पाणी शोषल्यावर १४०, डॉट ४ ला २३० आणि १५५. उकळलं की पाइपात बुडबुडे, आणि बुडबुडा दाबला जातो, मग पेडल मऊ. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

बेडिंग म्हणजे पॅडचा पातळ सारखा थर डिस्कवर बसवणं. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५०-६० वरून १० पर्यंत घट्ट ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, साधारण दहा वेळा, मग ब्रेक न लावता बराच वेळ चालवून थंड करायचं. तापलेल्या डिस्कवर पाय दाबून उभं राहिलं तर तिथे पॅडचा छाप उमटतो. हे पॅडच्या कागदावर वेगळं दिलं असेल तर कागदाचं ऐका.

आता अनुभव. भरल्या गाडीला उतारावर पेडल सारखंच राहतं, पाय जास्त दाबावा लागत नाही, थरथर गायब. ट्रेलर लावल्यावर फरक सगळ्यात जास्त जाणवला. रिकाम्या गाडीला मात्र मला पहिल्या थंड ब्रेकचा बोथटपणा आवडला नाही, आणि पुढचे अलॉय धुवायचा कंटाळा असेल तर हा सेट घेऊच नका. थांबायच्या अगदी आधी कधी कधी हलकासा घासल्यासारखा आवाज येतो, पॅड संपल्याची जी पत्र्याची जीभ किंचाळते तसा नाही, खालच्या सुरातला. कोटिंग डिस्कच्या टोपीवर आणि पातींवर अजून टिकून आहे, घासायच्या भागावरून ते पहिल्याच फेऱ्यांत जातं, जायलाच पाहिजे. डिस्कला पाचपैकी पाच, पॅडला चार, धुळीमुळे. गाडी बहुतेक रिकामीच फिरत असेल तर हीच डिस्क आणि सिरॅमिक पॅड घ्या.

मागच्या डिस्क मी अजून काढलेल्या नाहीत, पॅड ३ मिलिमीटरच्या बरेच वर आहेत. मागचं काम कोणी पुढच्यासोबतच करणार असेल तर दोन गोष्टी बघा, काही पिकअपमध्ये डिस्कच्या टोपीच्या आतच हँडब्रेकचा छोटा ड्रम असतो, तो गंजला की डिस्क निघता निघत नाही, आणि इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोडला टाका, पिस्टन जबरदस्तीने ढकललात तर आतली मोटर जाईल.