जुन्या पीसीवर फोटोशॉप, गिंप की कोरल? सी ड्राइव्ह कोण किती खातं ते बघून ठरवा

गणपती जवळ आले की पुण्याच्या पेठांमधल्या डीटीपीवाल्यांना (कॉम्प्युटरवर छपाईचं डिझाइन करणाऱ्यांना) श्वास घ्यायला वेळ नसतो, मंडळाचा अहवाल, पावतीपुस्तकं, कमानीचे फ्लेक्स सगळं एकदमच येतं, आणि नेमका तेव्हाच जुन्या पीसीचा सी ड्राइव्ह लाल होतो. मग विचारणा सुरू होते, की फोटोशॉप काढून गिंप टाकू का, कोरल जड आहे का, इंकस्केप चालेल का, ही सगळी फोटो आणि डिझाइनची सॉफ्टवेअर. यात बहुतेक जण इन्स्टॉलर किती जीबीचा आहे ते बघून ठरवतात आणि तिथेच गडबड होते, कारण इन्स्टॉल झालेलं सॉफ्टवेअर एकदाच जागा घेतं, पण काम चालू असताना ते डिस्कवर जे लिहीत राहतं ते रोज वेगळं असतं आणि डिस्क भरते ती त्यानेच.

एक हिशोब करून बघा. १० बाय ८ फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयला (इंचाला ७२ ठिपके) घेतला तर ८६४० बाय ६९१२ पिक्सेल होतात, म्हणजे साधारण ६ कोटी. सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत) एका पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे एक भरलेला लेयर (चित्राचा एक थर) मेमरीत जवळपास २४० एमबी. सेव्ह केलेली जेपेग भले ५ एमबीची असेल, उघडल्यावर ती एवढी होतेच. आता हाच फ्लेक्स कुणी ३०० डीपीआयला केला तर एका लेयरला ४ जीबीच्या वर लागतात, आणि रुंदी ३६००० पिक्सेल होते त्यामुळे साध्या पीएसडीत (फोटोशॉपच्या नेहमीच्या फाइलमध्ये) ती बसतही नाही, कारण पीएसडीची मर्यादा ३०००० आहे, पीएसबी (फोटोशॉपचा मोठ्या फाइलचा प्रकार) करावी लागते. लांबून बघायच्या फ्लेक्सला ३०० डीपीआयची गरज नसते हो, छापणाऱ्याला विचारून मगच रिझोल्यूशन ठरवा, जुन्या मशिनवर सगळ्यात जास्त जागा यानेच वाचते.

तर फोटोशॉप. रॅम संपली की ते स्क्रॅच डिस्कवर (तात्पुरतं लिहायच्या ड्राइव्हवर) लिहायला लागतं, आणि तुम्ही काही बदललं नसेल तर ती स्क्रॅच डिस्क म्हणजे विंडोज असलेला सी ड्राइव्हच. वर हिस्टरी (मागे जाता यावं म्हणून साठवलेल्या स्टेप्स) डिफॉल्टला ५० स्टेप्सची असते. छोट्या ब्रशच्या फटक्याला थोडाच भाग साठवला जातो पण अख्ख्या लेयरवर फिल्टर मारला की जवळपास अख्खा लेयर परत साठवला जातो, म्हणजे वरच्या ७२ डीपीआयच्या फ्लेक्सवर असे २० फिल्टर मारून बघितले तर तेवढ्यातच पावणेपाच जीबी गेले. ४ जीबी रॅमच्या मशिनवर हे सगळं डिस्कवर उतरणार, १६ जीबीवाल्याला पत्ताही लागत नाही. म्हणून 'मित्राकडे तर मस्त चालतं' यावर जाऊ नका. फोटोशॉप नीट बंद केलं की ही टेंप फाइल आपोआप जाते, पण मध्येच हँग झालं किंवा गुरुवारी मेंटेनन्सला लाइट गेली आणि यूपीएस नसेल तर ती तशीच पडून राहू शकते. फोटोशॉप बंद करून स्क्रॅचच्या ड्राइव्हवर 'फोटोशॉप टेंप' नावाने सुरू होणाऱ्या फायली शोधा, सापडल्या तर उडवा. स्क्रॅच डिस्क फुल असा मेसेज येऊन ते उघडतच नसेल तर सुरू होताना कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरा, तिथे दुसरा ड्राइव्ह निवडता येतो. हिस्टरी २० वर आणा. नवीन व्हर्जन टाकल्यावर जुनं राहिलंय का तेही बघा, दोन-दोन वर्षांची व्हर्जनं शेजारी शेजारी बसलेली असतात. आणि रॅम ८ जीबीपेक्षा कमी असेल तर आताच्या फोटोशॉपच्या नादी लागू नका, कंपनीनेच कमीत कमी ८ सांगितलीये.

गिंप फुकट आहे हे सगळ्यांना माहितीये, पण जुन्या मशिनसाठी त्याचा खरा फायदा वेगळा आहे. फोटोशॉप अनडू स्टेप्सच्या आकड्यावर मोजतं, गिंप मेमरीवर मोजतं, म्हणजे ठरवून दिलेली अनडूची मेमरी भरली की जुन्या स्टेप्स टाकून देतं, कमीत कमी ५ स्टेप्स मात्र राखतं. त्यामुळे अनडूपायी डिस्क अचानक फुगत नाही, छोट्या एसएसडीला ही फार मोठी गोष्ट आहे. टाइल कॅशच्या (गिंपला ठरवून दिलेल्या रॅमच्या) वर गेलं की तेही गिंपस्वॅप नावाची फाइल लिहितंच, फुकट आहे म्हणून डिस्क खात नाही असं नाही, पण प्रेफरन्समध्ये फोल्डर्समध्ये जाऊन तिची जागा बदलता येते. कमी पडतं ते प्रेसच्या कामाला, कारण सीएमवायकेमध्ये थेट काम करता येत नाही, २०२५ मध्ये आलेल्या ३.० मध्ये सुधारणा आहे पण काम आरजीबीतच (स्क्रीनच्या रंगपद्धतीतच) चालतं. मशिनवर अजून विंडोज ७ असेल तर ३.० चालणार नाही, २.१० वर राहावं लागेल.

क्रिता या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये सीएमवायके आहे, स्वॅपची साइज आणि जागा दोन्ही ठरवता येतात, हाताने चित्रं काढणाऱ्यांनी तेच घ्यावं. अहवालाच्या मजकुरासाठी मी ते सुचवणार नाही.

आता कोरल, कारण पुण्यात पत्रिका आणि फ्लेक्सचं बरंचसं काम त्यातच चालतं. व्हेक्टर (पिक्सेलऐवजी रेषा-आकार साठवणारं) असल्यामुळे फ्लेक्स १० फुटी करा नाहीतर ४० फुटी, अक्षरं आणि आकार यांची जागा वाढत नाही. जागा खातात ते आत टाकलेले फोटो. कार्यकर्त्यांचे ३० फोटो मोबाइलवरून आलेले जसेच्या तसे आत टाकले की सीडीआर (कोरलची फाइल) फुगते, आणि कोरल शेजारीच 'बॅकअप ऑफ' नावाची अजून एक प्रत ठेवतं, म्हणजे दुप्पट. वर्षानुवर्षांच्या फोल्डरमध्ये हे 'बॅकअप ऑफ' शोधून बघा, चालू काम सोडून बाकीचे काढले तरी डिस्क मोकळी होते. फोटो आधी लागेल तेवढे लहान करा आणि मगच आत घ्या.

इंकस्केप फुकट, हलकं, युनिकोड (सगळीकडे सारखं दिसणारं) मराठी नीट दाखवतं. फोटो एम्बेड केला (फाइलच्या आतच साठवला) तर फाइलमध्ये तो मूळ साइजपेक्षा साधारण एक तृतीयांशाने मोठा होऊन बसतो, म्हणून लिंक करा (बाहेरच ठेवून जोडा), फक्त मग फोल्डर हलवताना फोटोही बरोबर न्या. अडचण दोन ठिकाणी आहे. सीएमवायके नाही, त्यासाठी शेवटचं काम स्क्रायबस या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये करावं लागतं. आणि दुसरी जास्त मोठी, तुमचं जुनं मॅटर पुण्याच्याच मॉड्युलरच्या श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर ते युनिकोड नाही, कन्व्हर्ट केल्याशिवाय दुसरीकडे अगम्य दिसणार.

फोटोपी ब्राउझरमध्ये चालतं, इन्स्टॉल काहीच नाही, पीएसडी उघडतं. एखाददुसऱ्या फाइलला उत्तम. मोठी फाइल टाकली की ब्राउझर रॅम भरतो आणि मग विंडोजची पेजफाइल (रॅम कमी पडल्यावर डिस्कवर लिहिली जाणारी फाइल) वाढते, म्हणजे जागा सी ड्राइव्हचीच.

माझं मत विचाराल तर ४ जीबी रॅम आणि १२८ जीबीची एसएसडी असेल तर गिंप आणि इंकस्केप, फोटोशॉपचा हट्ट नको. गिऱ्हाईक पीएसडीच मागत असेल तर आधी रॅम ८ करा आणि स्क्रॅचसाठी वेगळी एसएसडी घाला, जुन्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिथे कॅडीत (एसएसडी बसवायच्या चौकटीत) बसते, पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत विचारा. त्याच हार्ड डिस्कचं डी पार्टिशन दिलं तर सी भरणं थांबेल पण वेग वाढणार नाही, डिस्क शेवटी एकच आहे. कोरल आणि श्रीलिपीवर वर्षांचं मॅटर असेल तर कोरलच ठेवा, निदान अनंत चतुर्दशी होईपर्यंत तरी हात लावू नका.

आणि कुठलंही एक पक्कं करण्याआधी तुमची सगळ्यात जड फाइल त्यात उघडून अर्धा तास खरं काम करा. फोटोशॉपच्या खालच्या पट्टीत एफिशियन्सी (किती काम रॅममध्येच होतंय त्याचा टक्का) लावून ठेवा, १०० च्या खाली गेली म्हणजे डिस्कवर लिहिणं सुरू झालं, गिंपमध्ये हेच डॅशबोर्डमध्ये स्वॅपच्या आकड्यात दिसतं.