ग्रीन बिल्डिंगसाठी कूलिंग: व्हीआरएफ, रेडियंट की इव्हॅपोरेटिव्ह?

इमारतीला ‘गृह’ (GRIHA) किंवा आयजीबीसी या ग्रीन बिल्डिंग रेटिंगचं सर्टिफिकेट घ्यायचंय आणि एसीवाला आधीच कोटेशन घेऊन बसलाय? त्याला जरा थांबवा. आधी ऊन अडवा. पश्चिमेच्या काचा कमी करा, छज्जे बाहेर काढा, टेरेसला इन्सुलेशन आणि वर पांढरा चायना मोझेक, मग एसीचं टनेजच कमी लागतं.

आता सिस्टीम. नवी मोठी इमारत असेल तर माझं मत रेडियंटला. स्लॅबमध्ये पाइप टाकून त्यातून साधारण 14-16 अंशांचं पाणी फिरवतात, नेहमीच्या एसीत चिलरला, म्हणजे पाणी गार करणाऱ्या मशीनला, ते 7 अंशांपर्यंत न्यावं लागतं, तिथेच वीज वाचते, शिवाय ब्लोअरने हवा ढकलण्यापेक्षा पंपाने पाणी फिरवणं स्वस्त पडतं. इन्फोसिसने हैदराबादला पोचारममध्ये एकाच बिल्डिंगचे दोन सारखे भाग करून बघितलं, एकात नेहमीचाच पण चांगला कार्यक्षम एसी, दुसऱ्यात रेडियंट, आणि रेडियंटला जवळपास 34% कमी वीज लागली. पण जुलैत कोणी खिडकी उघडी ठेवली की छताला घाम फुटतो, म्हणून बाहेरून येणारी हवा कोरडी करायला वेगळं युनिट हवंच. आणि हा निर्णय स्लॅब पडायच्या आधीच घ्यावा लागतो.

जुनी इमारत, किंवा अर्ध्या खोल्या कधी भरलेल्या कधी रिकाम्या, तर व्हीआरएफ घ्या, म्हणजे बाहेर एक युनिट आणि त्यावर खोल्याखोल्यांत बरीच युनिटं. जेवढ्या खोल्या चालू तेवढंच काम कॉम्प्रेसर करतो. फक्त ताज्या हवेची सोय त्यात आपोआप येत नाही, आणि सर्टिफिकेटला ती लागतेच, ती कोटेशनमध्ये आहे का बघा.

नागपूर-अकोल्याकडे टू-स्टेज इव्हॅपोरेटिव्हला, म्हणजे पाण्याच्या बाष्पीभवनाने दोन टप्प्यांत हवा गार करणाऱ्या कूलरला, तोड नाही, मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर काय गारवा देतो ते तिकडच्यांना सांगायला नको. मुंबई-रत्नागिरीला मात्र नावच काढू नका, तिथली हवा आधीच दमट. विदर्भातही पाणी किती लागेल ते आधी बघा, रेटिंगमध्ये पाण्याचेही गुण असतात. पावसाळ्यापुरता थोडा एसी ठेवावा लागेल.

हीटिंगचं म्हणाल तर आपल्याकडे खोल्या गरम करायची फारशी गरज नाही, हॉस्टेलच्या गरम पाण्याला सोलर, आणि ढगाळ दिवसांसाठी गीझरऐवजी बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा हीट पंप, तो एक युनिट विजेत साधारण तीन युनिटांची उष्णता देतो.

काहीही घ्या, कन्सल्टंटकडून फक्त मे महिन्याचा नाही, जुलैचाही हिशोब लेखी मागा, आणि एसीचं सेटिंग 24 अंशांच्या खाली धरलेलं असेल तर ते बदलून परत करायला लावा.