ट्रेलर देखणा, उपकरणे चांगली, बसवणी मात्र निष्काळजी

अमेरिकेतील राष्ट्रीय उद्याने मुलांना दाखवता यावीत म्हणून आम्ही नवा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचे फिरते घर, घेतला. त्याची अंतर्गत मांडणी आणि झोपण्याची सोय उत्तम आहे. तक्रार आहे ती कारखान्यात फ्रिज, फर्नेस (खोली गरम करणारी गॅसभट्टी) आणि मायक्रोवेव्ह ज्या पद्धतीने बसवले गेले त्याबद्दल.

फ्रिज प्रोपेन आणि 120 व्होल्ट वीज अशा दोन्हींवर चालतो. त्यात कॉम्प्रेसर नसतो. तळाशी दिलेल्या उष्णतेमुळे अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांचे चक्र फिरते आणि बाहेर टाकलेली उष्णता पाठीमागच्या पट्ट्यांवरून वर चढणाऱ्या हवेबरोबर निघून जावी लागते. त्यासाठी फ्रिजची पाठ आणि ट्रेलरची भिंत यांतले अंतर कमी असावे, आणि ते जास्त असेल तर पत्रा लावून हवा पट्ट्यांकडे वळवावी, असे फ्रिजच्या पुस्तिकेत चित्रासह दिलेले आहे. आम्ही बाहेरची खालची जाळी उघडली, तेव्हा आत लाकडाचा भुसा पडलेला होता, मागे हाताचा पंजा आडवा जाईल एवढी मोकळी जागा होती आणि पत्र्याचा पत्ताच नव्हता. युटातील मोआबच्या उन्हाळ्यात दुपारपर्यंत दूध नासत असे, यात फ्रिजचा काहीच दोष नव्हता.

दूध नासणे एक वेळ सोसता येते. अधिक गंभीर बाब अशी, की रात्री बाहेरच्या जाळीमागच्या त्या कप्प्यात टॉर्च लावून ठेवला असता आत ओट्याशेजारी, फ्रिजच्या चौकटीच्या कडेने, उजेडाची स्पष्ट रेघ दिसली. जिथून उजेड येतो तिथून जळलेल्या गॅसचा धूर आणि कार्बन मोनॉक्साइडही येऊ शकतो. शेगडी आणि ओव्हन वगळता इंधन जाळणाऱ्या उपकरणांची ज्वलनव्यवस्था राहत्या जागेतील हवेपासून वेगळी असावी, अशी अपेक्षा एनएफपीए 1192 या अशा फिरत्या घरांसाठीच्या अमेरिकी सुरक्षा मानकात आहे. ज्या जागेत मुले झोपतात तिथे ही फट ठेवून ट्रेलर कारखान्याबाहेर पडतोच कसा, याचा मला आजही संताप येतो.

फर्नेसची गरम हवा नेणारी लवचीक नळी बाथरूमच्या कपाटाखाली चेपून बसवली होती. उष्णतेला वाट न मिळाल्याने सुरक्षा स्विच ज्योत बंद करी, पंखा चालू राही आणि सप्टेंबरातल्या यलोस्टोनच्या थंडीत खोली गारच राही. मायक्रोवेव्ह पातळ प्लायवूडला दोनच स्क्रूंवर तोललेला होता.

डीलरने फ्रिजच्या कंपनीकडे बोट दाखवले. बसवणी पुस्तिकेनुसार नसल्याने वॉरंटी लागू होत नाही, असे त्या कंपनीने कळवले, आणि तिचे म्हणणे रास्तच होते. अखेर कॅम्पग्राउंडवर येऊन काम करणाऱ्या एका तंत्रज्ञाला बोलावले. त्याने आधी प्रोपेनचा दाब मोजून तो हवा तेवढा, म्हणजे 11 इंच जलस्तंभ (गॅसचा दाब मोजण्याचे एकक), असल्याची खात्री केली, प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावून गळती तपासली आणि मगच ॲल्युमिनियमचा पत्रा बसवून फट बुजवली, नळी बदलली. त्या कामाला मी मनापासून पाच तारे देतो.

ट्रेलर बनवणाऱ्या कंपनीला दोन तारे. हाच प्रकार घेण्याचा विचार असलेल्यांनी सही करण्यापूर्वी फ्रिज आदल्या दिवसापासून गॅसवर चालू ठेवायला सांगावे, बाहेरच्या जाळ्या उघडून पाहाव्यात आणि आढळलेली प्रत्येक उणीव डीलरकडून लेखी मान्य करून घ्यावी. आमच्या दुरुस्तीचे बिल कंपनीने अद्याप मंजूर केलेले नाही.